पशुवैद्यकीय दवाखान्याचे सोशल मीडिया: या चुका टाळा

पेजवर नियमाने पोस्ट पडतात, फॉलोअर वाढतात, तरीही प्राणी पाळणाऱ्या नव्या पालकांच्या अपॉइंटमेंट वाढत नाहीत, अशी तक्रार अनेक पशुवैद्यक करतात. दोष बहुधा पोस्टच्या संख्येत नसतो. दवाखान्याचे पेज उघडणारा माणूस केवळ करमणुकीसाठी आलेला नसतो. आपले मुके जनावर कोणाच्या हाती सोपवायचे, याची पारख तो करत असतो. या पारखीला काय दिसेल याचा विचार न करता पोस्ट टाकली की खालील चुका घडतात.

घाबरलेल्या प्राण्याचा व्हिडिओ गंमत म्हणून टाकणे

माझ्या मते सर्वाधिक नुकसान करणारी चूक हीच आहे. कान मागे दाबून, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारून टेबलावर आकसून बसलेली मांजर, किंवा शेपूट पायांत घालून, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवत, वारंवार ओठ चाटणारा कुत्रा, ही भीतीची लक्षणे आहेत, हे पशुवैद्यकाला सांगावे लागत नाही. तरीही त्याच दृश्याला विनोदी संगीत जोडून रील बनवली जाते आणि तिला भरपूर लाइकही मिळतात. मात्र ज्या पालकाला आपल्या प्राण्याची देहबोली कळते, तो ती रील पाहून मनात दवाखान्यावर फुली मारतो आणि त्याची ही नापसंती कोणत्याही आकडेवारीत दिसत नाही.

म्हणून प्रत्येक फोटो आणि व्हिडिओ प्रसिद्ध होण्यापूर्वी संघातील एका जाणत्या व्यक्तीने केवळ प्राण्याची स्थिती आणि मागचे दृश्य पाहावे. मांजराला मानगुटीला धरून लोंबकळत ठेवलेले नाही ना, टेबलावर वापरलेली सुई पडलेली नाही ना, शस्त्रक्रियेच्या छायाचित्रात कोणी मास्कशिवाय उभे नाही ना, हे तपासावे. क्ष-किरण प्रतिमेच्या कडेला प्राण्याला धरणाऱ्याची बोटे दिसत असतील, तर ती प्रतिमा किरणोत्सर्गापासून संरक्षणाच्या नियमांकडे झालेले दुर्लक्ष जगजाहीर करते. सामान्य माणसाच्या ते लक्षात येणार नाही, पण तुमच्याकडे रुग्ण पाठवू शकणाऱ्या दुसऱ्या पशुवैद्यकाच्या नक्कीच येईल.

चपट्या नाकाच्या जातींबद्दलही हेच म्हणावे लागेल. पग किंवा फ्रेंच बुलडॉगचे घोरणे अनेकदा अरुंद श्वसनमार्गाचे लक्षण असते, आणि ते गोंडस म्हणून दाखवले की त्या त्रासालाच प्रतिष्ठा मिळते. ब्रिटिश व्हेटरनरी असोसिएशनने २०१८ मध्ये सुरू केलेल्या ‘ब्रीड टु ब्रीद’ मोहिमेत अशा जातींच्या प्रतिमा जाहिरातीत वापरणे टाळावे, असा आग्रह धरला आहे. दवाखान्याने तर तो आवर्जून पाळावा.

संमती गृहीत धरणे

फोटो काढताना पालक हसून मान डोलावतो, याचा अर्थ त्याने प्रसिद्धीला परवानगी दिली असा होत नाही. नोंदणीच्या अर्जातच संमतीचा स्वतंत्र रकाना ठेवावा आणि ती कधीही मागे घेता येईल, हे तेथेच लिहावे. पट्ट्याच्या बिल्ल्यावरील फोन नंबर, पिंजऱ्यावर लावलेला केस पेपर आणि मागच्या संगणकाच्या पडद्यावरची नावे यांतूनही खासगी माहिती बाहेर जाते. फोटो कातरताना ही ठिकाणे आधी पाहावीत.

एक बाब विशेष जपण्यासारखी आहे. पोस्ट महिनाभर आधी शेड्यूल केल्या जातात, जुने फोटो पुन्हा वापरले जातात, आणि दरम्यान त्यातला एखादा प्राणी दगावलेला असतो. आपल्या गेलेल्या कुत्र्याचा फोटो लसीकरणाच्या जाहिरातीत अचानक समोर आला, तर पालकाच्या मनाचे काय होईल याची कल्पना सहज करता येते. प्राण्याच्या मृत्यूची नोंद करतानाच शेड्यूल केलेल्या पोस्ट, फोटोंचा संग्रह आणि लसीचे स्मरण करून देणारे संदेश या तिन्ही ठिकाणांहून त्याचे नाव काढण्याचे काम एका ठरावीक कर्मचाऱ्याकडे सोपवावे.

कमेंटमध्ये निदान करणे, किंवा उत्तरच न देणे

‘कालपासून उलट्या होत आहेत, काय देऊ?’ अशा कमेंटखाली औषधाचे नाव आणि मात्रा लिहिणे धोक्याचे आहे. प्राणी तपासलेला नसतो, त्याचे वजन माहीत नसते आणि तेच उत्तर वाचून दुसरा कोणी आपल्या प्राण्याला ते औषध देऊ शकतो. माणसांसाठी नेहमीचे असलेले पॅरासिटामॉल मांजराच्या जिवावर बेतते, एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

याउलट, संदेश दोन दिवस न वाचलेला राहणे हेही तितकेच गंभीर आहे. लघवीसाठी वारंवार जोर करूनही थेंब न येणारा बोका, किंवा पोट फुगून ओकारीचे निष्फळ प्रयत्न करणारा मोठ्या जातीचा कुत्रा, यांच्यासाठी प्रत्येक तास मोलाचा असतो. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये आणि फेसबुक पेजवर आपोआप जाणारे उत्तर ठेवता येते. त्यात ‘संपर्काबद्दल धन्यवाद’ एवढेच न लिहिता, या खात्यावर तातडीचे संदेश पाहिले जात नाहीत, तातडीच्या वेळी कोणत्या क्रमांकावर फोन करावा आणि रात्री कोठे जावे, हे पहिल्या दोन ओळींत स्पष्ट लिहावे. ती सोय चालू आहे की नाही, हे अधूनमधून दुसऱ्या फोनवरून संदेश पाठवून तपासावे.

पोस्टमध्ये सांगण्यासारखे काहीच नसणे

दिनविशेषाच्या शुभेच्छांचे तयार चित्र टाकण्यात वेळ जातो आणि पालकाच्या हाती काही लागत नाही. २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनी बोधचिन्ह टाकण्याऐवजी, प्राणी चावल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे धुवावी आणि विलंब न करता डॉक्टरांकडे जावे, हे लिहिले तर ती पोस्ट लोक जपून ठेवतात. पिल्लांना एकच लस का पुरत नाही, हा विषयही असाच आहे: आईकडून आलेली प्रतिपिंडे (रोगाशी लढणारी प्रथिने) लसीचा परिणाम दाबतात आणि ती कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते, म्हणून १६ आठवड्यांचे वय होईपर्यंत किंवा त्यानंतरही डोस पुन्हा द्यावे लागतात. हे समजलेला पालक पुढची तारीख चुकवत नाही.

‘आवडले तर लाइक करा, पाच जणांना टॅग करा’ अशा ओळी आता सोडाव्यात. असा प्रतिसाद मागणाऱ्या पोस्टचा प्रसार कमी केला जाईल, हे फेसबुकने २०१७ च्या डिसेंबरमध्येच जाहीर केले होते.

पोस्टची पोहोच अचानक घटली असेल तर

आधी इन्स्टाग्रामच्या सेटिंग्जमधील ‘अकाउंट स्टेटस’ पाहावे. एखादी पोस्ट काढली गेली असेल किंवा तिची शिफारस थांबवली असेल, तर ते तेथे दिसते. रक्त किंवा उघडी जखम दाखवणाऱ्या फोटोवर इशाऱ्याचा पडदा येऊ शकतो. तेव्हा शस्त्रक्रियेची कथा बऱ्या झालेल्या प्राण्याच्या फोटोने सांगावी. व्हिडिओचा आवाज बंद झाला असेल, तर बहुधा गाण्याच्या परवान्याचा प्रश्न असतो, कारण लोकप्रिय गाणी व्यावसायिक वापरासाठी सहसा खुली नसतात. फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीच्या ध्वनिसंग्रहातील संगीत वापरावे. डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळणारी औषधे व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे विक्रीच्या वस्तूंच्या यादीत, टाकल्यास ती नोंद नाकारली जाते.

जाहिरातीचे पैसे वाया जात असतील, तर पैसे देऊन पोस्टचा प्रसार वाढवणारे ‘बूस्ट’चे बटण दाबताना निवडलेले क्षेत्र तपासावे. आजारी प्राणी घेऊन लोक जेवढे अंतर येऊ शकतात, तेवढ्याच परिघात जाहिरात दिसली पाहिजे. विकत घेतलेले फॉलोअर येथे दुहेरी नुकसान करतात, कारण ते कधीच दवाखान्यात येत नाहीत आणि पोस्टला प्रतिसादही देत नाहीत.

पेजचा ताबा एकाच कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक खात्याकडे असेल, तर तो नोकरी सोडून गेल्यावर पेज परत मिळवणे अतिशय जिकिरीचे होते. पूर्ण अधिकार किमान दोन जबाबदार व्यक्तींकडे ठेवावेत आणि दोघांनीही द्विस्तरीय पडताळणी चालू करावी.

वाईट रिव्ह्यूला उत्तर देताना केस उघड करणे

‘तुम्हीच प्राणी उशिरा आणला’ असे लिहिण्याचा मोह अन्यायाच्या भावनेतून होतो आणि कित्येकदा ते खरेही असते. तरीही रुग्णाचा तपशील जाहीर करू नये. झालेल्या त्रासाबद्दल सहानुभूती, आणि ज्येष्ठ पशुवैद्यक स्वतः बोलण्यास तयार आहेत हे सांगून फोन क्रमांक, एवढेच उत्तर असावे. ते लिहिण्यापूर्वी एक रात्र जाऊ द्यावी. चांगल्या रिव्ह्यूच्या बदल्यात सवलत देऊ नये, कारण गूगलच्या नियमांत ते बसत नाही. उपचार संपल्यावर समाधानी पालकाला सरळ विनंती करावी.

यातून काय साधले, हे लाइकवरून कळणार नाही. नोंदणीच्या टेबलावर प्रत्येक नव्या पालकाला ‘आमच्याबद्दल कोठे समजले?’ असे विचारून उत्तर प्राण्याच्या नोंदीतच लिहावे, आणि तीन महिन्यांनी त्या नोंदी पेजवरील पोस्टच्या तारखांशी ताडून पाहाव्यात.