लघवीची नळी घरी सांभाळताना

प्रोस्टेट वाढल्यामुळे लघवी अडलेले आजोबा, पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली आई किंवा मणक्याला मार बसलेला तरुण घरी येतो, तेव्हा सोबत लघवीची नळी आणि पिशवी येते; सूचना मात्र दोन-चार वाक्यांत उरकलेल्या असतात. माझ्या वडिलांना ही नळी चौदा महिने होती. त्या काळात एक गोष्ट मनावर पक्की ठसली: मूत्राशयापासून पिशवीपर्यंतची वाट बंदिस्त राहिली पाहिजे आणि लघवी सतत खालच्या दिशेने वाहिली पाहिजे. बाकीची बहुतेक काळजी या दोन गोष्टींतूनच येते.

नळी आत टिकते ती टोकाजवळच्या छोट्या फुग्यामुळे. त्यात बहुधा 10 मिलिलिटर निर्जंतुक पाणी भरलेले असते. फुगलेल्या अवस्थेत नळी ओढली गेली, तर मूत्रमार्ग आतून फाटून रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून नळी मांडीवर चिकटपट्टीने किंवा पट्ट्याने नीट बांधावी, पण पाय हलवताना ताण येणार नाही इतकी सैल ठेवावी. कूस बदलण्याआधी पिशवी कुठे आहे हे पाहावे. बहुतेक वेळा नळी ओढली जाते ती याच वेळी.

पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली, परंतु जमिनीला न टेकता लटकवावी. एकदा तपासणीसाठी नेताना मदतनीसाने पिशवी उचलून वडिलांच्या पोटावर ठेवली होती आणि स्ट्रेचर जिन्यावरून उतरेपर्यंत नळीतली पिवळी लघवी उलट वर सरकताना मला दिसत होती. पिशवीत साठलेली लघवी आत परतली की तिच्यातले जंतूही आत जातात. खाटेच्या वर-खाली होणाऱ्या कठड्याला पिशवी अडकवू नये. कठडा वर केला की पिशवीही वर जाते.

पिशवी दोन-तृतीयांश भरण्याआधीच रिकामी करावी. साबणाने हात धुवून, या कामासाठीच ठेवलेल्या भांड्यात खालची तोटी उघडावी, तोटीचे टोक भांड्याला लागू देऊ नये, ते पुसून घट्ट बंद करावे आणि पुन्हा हात धुवावेत. लघवी किती झाली याची नोंद वहीत ठेवली, तर डॉक्टरांना त्याचा मोठा उपयोग होतो. नळी आणि पिशवी यांचा सांधा मात्र विनाकारण उघडू नये. पिशवी साधारण 5 ते 7 दिवसांनी बदलायची असते, आणि तो सांधा तेवढ्यापुरताच उघडावा.

रोजच्या स्वच्छतेला साधा साबण आणि पाणी पुरेसे आहे. स्त्रियांमध्ये पुढून मागे पुसावे; पुरुषांमध्ये शिश्नाची त्वचा मागे सारून स्वच्छ करावी आणि ती आठवणीने पुन्हा पुढे आणावी, कारण मागेच राहिल्यास तिथे सूज येऊन ती अडकते. नळी शरीराकडून बाहेरच्या दिशेने पुसावी. डेटॉलसारखे जंतुनाशक किंवा पावडर लावू नये, त्याने त्वचेचा दाह होतो.

आता अडचणींविषयी. दोन-तीन तास पिशवीत थेंबही आला नाही, तर घाबरण्याआधी नळीवर हात फिरवत पाहावे: ती कुठे मुरडली आहे का, रुग्णाच्या पाठीखाली दबली आहे का, पिशवी वर गेली आहे का. सगळे ठीक असूनही लघवी येत नसेल आणि ओटीपोट फुगून दुखत असेल, तर नळी तुंबली आहे असे समजून लगेच डॉक्टर किंवा प्रशिक्षित सिस्टर यांना बोलवावे. घरी पिचकारीने पाणी ढकलण्याचा प्रयत्न करू नये. काही जंतू लघवी अल्कधर्मी करतात, तिच्यात बारीक खडे जमतात आणि नळी वारंवार तुंबते. अशा रुग्णाची नळी तुंबण्याची वाट न पाहता ठरलेल्या दिवशी बदलणेच श्रेयस्कर.

नळीच्या बाजूने लघवी झिरपू लागली की घरचे जाड नळीची मागणी करतात. खरे कारण बहुधा मूत्राशयाचे आकुंचन, तुंबलेली नळी किंवा बद्धकोष्ठता हे असते. वडिलांच्या बाबतीत पोट साफ होताच झिरपणे थांबले होते. पाणी दिवसाला 2 लिटरच्या आसपास आणि आहारात भाजी-फळे ठेवावीत. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे.

महिनाभर नळी असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात. म्हणून केवळ लघवी गढूळ दिसते, वास येतो किंवा रिपोर्टमध्ये जंतू आहेत एवढ्यावरून अँटिबायोटिक देऊ नये. त्याने औषधांना न जुमानणारे जंतू तेवढे वाढतात. पिशवी जांभळी पडली तर पाहणारा हादरतो, पण हा बद्धकोष्ठता आणि जंतूंमुळे तयार झालेला रंग असतो. डॉक्टरांना दाखवावे, धास्ती घेऊ नये. मात्र थंडी वाजून ताप, कंबरेत दुखणे, वृद्ध माणसात अचानक आलेला गोंधळ किंवा गुंगी, ही संसर्गाची खरी लक्षणे आहेत आणि त्यांत उशीर चालत नाही. कल्चरसाठी, म्हणजे कोणते जंतू आहेत हे पाहणाऱ्या तपासणीसाठी, लघवी पिशवीतून कधीही घेऊ नये.

लघवीत गुलाबी छटा नळी बदलल्यावर थोडा वेळ दिसू शकते. लालभडक रक्त किंवा गुठळ्या दिसल्यास, किंवा फुगा फुगलेला असतानाच नळी ओढली जाऊन बाहेर आल्यास, ती परत घालू नये, रुग्णालयात जावे. छातीच्या सहाव्या मणक्याच्या किंवा त्यावरच्या पातळीवर दुखापत झालेल्या रुग्णाला अचानक तीव्र डोकेदुखी, चेहऱ्यावर घाम आणि लाली आली, तर त्याला बसते करून नळीतला अडथळा ताबडतोब शोधावा आणि मदत मागवावी, कारण रक्तदाब धोकादायक वाढलेला असतो.

साध्या लेटेक्सची नळी साधारण 2 ते 4 आठवड्यांनी, सिलिकॉनची जास्तीत जास्त 12 आठवड्यांनी बदलावी लागते. घातल्याची तारीख कार्डावर लिहून घ्यावी. आणि प्रत्येक भेटीत एक प्रश्न जरूर विचारावा: ही नळी अजून लागते आहे का? काढल्यानंतर 6 ते 8 तासांत रुग्णाला लघवी होते की नाही यावर लक्ष ठेवावे. झाली नाही, तर रात्र उलटू न देता रुग्णालय गाठावे.