वेबरचा सिद्धांत उसावर आणि सुतावर कसा तपासावा

आर्थिक भूगोलात फॉन थ्यूनेन १८२६, वेबर १९०९, क्रिस्टालर १९३३, क्रुगमन १९९१ अशी यादी पाठ करून हाती फारसं लागत नाही. एक सिद्धांत घ्या, एक उद्योग घ्या आणि सिद्धांत कुठे अडतो ते पाहा.

सुरुवात वेबर आणि साखरेपासून करा. कारखाना कुठे उभारला तर खर्च सर्वांत कमी येईल, हे वेबरचा सिद्धांत सांगतो. वहीच्या डाव्या बाजूला त्याची गृहीतकं लिहा: वाहतूक खर्च वजन आणि अंतर यांवर ठरतो, बाजारपेठ ठरलेली आहे, मजूर स्थलांतर करत नाहीत. मग पदार्थ निर्देशांक काढा, म्हणजे ठराविक ठिकाणीच मिळणाऱ्या कच्च्या मालाचं वजन भागिले पक्क्या मालाचं वजन. उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, १० ते ११ टक्के धरला, तर १०० टन उसाची १० ते ११ टन साखर होते आणि निर्देशांक ९ ते १० येतो. एकापेक्षा इतका जास्त, म्हणजे ऊस वाहून नेण्यापेक्षा साखर नेणं स्वस्त, म्हणून कारखाना उसाजवळ. बॉयलरचं बरंचसं इंधन बगॅसमधून, म्हणजे उसाच्या चोथ्यातून, मिळतं, त्यामुळे कोळशाची ओढ उरत नाही. तोडलेल्या उसातली साखर तासागणिक घटते, हे मात्र वजनाचं कारण नव्हे, नाशवंतपणाचं आहे. दोन्ही एकत्र केले की विश्लेषण फसतं.

आता उजव्या बाजूला वेबर सांगत नाही ते लिहा: कालवे, सहकार, दोन कारखान्यांमधल्या किमान हवाई अंतराची अट. ऊसतोड मजूर तर मराठवाड्यातून दर हंगामात येतात. तिसरं गृहीतक तिथेच कोसळतं. संस्थात्मक दृष्टिकोन, म्हणजे नियम आणि संस्था उद्योगाची जागा कशी ठरवतात हा विचार, वाचायची खरी वेळ ही.

मग यंत्रमागांचं गाव इचलकरंजी घ्या. सुताचं कापड होताना वजन फारसं घटत नाही, निर्देशांक एकच्या आसपास, म्हणजे वाहतूक खर्चावरून काहीच ठरत नाही. इथे अर्थशास्त्रज्ञ मार्शलचा समूहनाचा विचार लागतो: एकाच धंद्यातले लोक जवळजवळ राहिले की सगळ्यांनाच फायदा होतो.

एकवटणं मोजायला लोकेशन कोशंट वापरा, म्हणजे उद्योगाचं स्थानिक प्रमाण भागिले राज्यातलं प्रमाण. समजा, तालुक्यात ४०,००० कामगार आणि १२,००० वस्त्रोद्योगात, म्हणजे ३० टक्के. राज्यात हे प्रमाण ६ टक्के. ३० भागिले ६, उत्तर ५. एकपेक्षा जास्त म्हणजे राज्याच्या सरासरीहून अधिक एकवटलेला.

सर्वाधिक चुका आकडेवारीत होतात. जनगणना माणसाला राहत्या जागी मोजते, आर्थिक गणना आस्थापनेच्या जागी. अंश एकीतून आणि छेद दुसरीतून घेतला की उत्तर निरर्थक. सहाव्या आर्थिक गणनेत पीक उत्पादन धरलेलं नाही, तेव्हा तिच्यातले ‘एकूण कामगार’ म्हणजे सगळे कामगार नव्हेत. कोल्हापूर जिल्हा आणि हातकणंगले तालुका दोन्ही पातळ्यांवर गणित करा. जिल्ह्याच्या सरासरीत इचलकरंजी विरघळते. एकूण कामगारच थोडे असतील, तर दोन कारखान्यांनीही आकडा फुगतो, म्हणून कामगारसंख्या शेजारी छापाच.

आकडा ‘किती’ सांगतो, ‘का’ सांगत नाही. त्यासाठी १५-२० मुलाखती घ्या, फक्त मालकांच्या नकोत: खर्चीवाले (दुसऱ्याचं सूत मजुरीवर विणून देणारे) यंत्रमागधारक, सायझिंगवाले (सुताला खळ लावणारे), जॉबर (माग दुरुस्त करणारे), कांडी (धोट्यातली सुताची नळी) भरणाऱ्या बायका, सूत व्यापारी. ‘धंदा इथेच का?’ असं थेट विचारलं की ‘पूर्वीपासून आहे’ एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा: माग बंद पडला तर जॉबर किती वेळात येतो, सुताची उधारी किती दिवसांची, शेवटचा माग कुणाकडून घेतला. प्रत्येक उत्तर वहीतल्या ज्या गृहीतकाला धक्का देतं, त्याच्यासमोरच टिपून ठेवा.