मराठी ओसीआरसाठी टेसरॅक्ट ५ सोर्सवरून कसं बिल्ड करायचं

जुन्या मराठी पुस्तकांची पानं स्कॅन करून त्यातलं टेक्स्ट काढायचं (यालाच ओसीआर म्हणतात) असेल तर फुकटात टेसरॅक्ट या प्रोग्रामसारखं दुसरं काही नाही, पण उबुंटू २२.०४ वर ॲप्टने (उबुंटूच्या पॅकेज टाकायच्या कमांडने) टाकलं की ४.१.१ व्हर्जन येतं, ५ हवं असेल तर सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून, बिल्ड करा, जमतं.

आधी बिल्डसाठी लागणारी पॅकेजेस, म्हणजे बिल्ड-इसेन्शियल, ऑटोमेक, लिबटूल, पीकेजी-कॉन्फिग आणि गिट, ॲप्टने टाकून घ्या. मग लेप्टोनिका, इमेज वाचायचं काम हीच लायब्ररी करते. आणि बरेच जण इथेच अडकतात, लेप्टोनिका मशीनवर असते तरी कॉन्फिगर (बिल्डच्या आधी चालणारी, सगळं आहे का ते तपासणारी स्क्रिप्ट) म्हणतं सापडली नाही! अहो, प्रोग्राम चालवायला लागणारी लायब्ररी वेगळी आणि बिल्ड करायला लागणाऱ्या हेडर फाइल्स वेगळ्या, त्या शेवटी "डेव्ह" असलेल्या पॅकेजमध्ये येतात, म्हणून लिबलेप्टोनिका-डेव्ह टाकायचं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढे कुठलंही सॉफ्टवेअर बिल्ड करताना निम्मा त्रास वाचतो.

आता गिटहबवरून टेसरॅक्टचा सोर्स क्लोन करा (गिटने कॉपी उतरवा), फोल्डरमध्ये जाऊन आधी ऑटोजेन स्क्रिप्ट, मग कॉन्फिगर, मग मेक (प्रोसेसरला चार कोर असतील तर सोबत -j4 द्या, वेळ वाचतो), मग सुडो लावून मेक इन्स्टॉल आणि शेवटी सुडो एलडीकॉन्फिग (नवीन लायब्ररी कुठे आहे ते सिस्टिमला कळवणारी कमांड). हे शेवटचं विसरलात तर टेसरॅक्ट चालवल्यावर शेअर्ड लायब्ररी मिळत नाही अशी एरर येऊ शकते, घाबरू नका, बिल्ड बिघडलेलं नसतं. आणि मेकमध्ये एररचा पाऊस पडला तर शेवटची ओळ बघत बसू नका, वर जाऊन सगळ्यात पहिली एरर वाचा, खरं कारण बहुतेक वेळा तिथेच असतं.

मराठीचा डेटा मात्र यासोबत येत नाही. गिटहबवरच्या टेसडेटा-बेस्ट रिपॉझिटरीतून "मार" (mar, म्हणजे मराठी) ची traineddata फाइल घ्या, इंग्रजीची पण घ्या कारण भाषा सांगितली नाही तर ते इंग्रजीच शोधतं, आणि दोन्ही /usr/local/share/tessdata या फोल्डरमध्ये ठेवा. ॲप्टने आधी मराठी डेटा टाकला असेल तरी नवीन बिल्ड तिकडे बघत नाही, त्याची जागा वेगळी आहे.

मग टेसरॅक्ट कमांडला इमेजचं नाव, आउटपुटचं नाव आणि -l mar एवढं दिलं की झालं, पानात इंग्रजी शब्द पण असतील तर -l mar+eng.

सोर्सचं फोल्डर डिलीट करू नका हां, नंतर काढून टाकायचं झालं तर मेक अनइन्स्टॉल तिथूनच चालवावं लागतं.