पूर पाहणारी मुले आणि टपरी हलवणारा माणूस

गोदावरीला पूर आला की नाशिककर आधी विचारतात, ‘पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आले?’ नदीकाठची ही मारुतीची मूर्ती म्हणजे त्यांची पुराची मोजपट्टीच. दुसऱ्या दिवशी वर्गात मुलेही कमरेपर्यंत की छातीपर्यंत यावर हिरिरीने वाद घालतात. गोदाघाटावरच्या ज्या टपरीवाल्याने रातोरात सामान वर हलवले, त्याची आठवण त्या वादात कोणाला होत नाही. तिसरी-चौथीच्या मुलांना समानुभूती, म्हणजे दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून त्याचे मन समजून घेणे, शिकवायची असेल, तर सुरुवात इथून करावी.

समानुभूती हे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या दहा जीवनकौशल्यांपैकी एक आहे. ‘दुसऱ्याला समजून घ्या’ असा उपदेश करून मात्र ते येत नाही.

आधी शब्द द्यावेत. बहुतेक मुलांकडे ‘राग आला’ आणि ‘वाईट वाटले’ एवढेच असते. वस्तुतः मराठीत हिरमुसणे, ओशाळणे, धास्तावणे, खट्टू होणे, हेवा वाटणे अशी नेमकी क्रियापदे मुबलक आहेत. परिपाठानंतरच्या दहा मिनिटांत रोज एक शब्द घेऊन ‘असे तुम्हाला कधी झाले होते?’ असे विचारावे, आणि ज्याला सांगायचे नसेल त्याला ‘आज नाही’ म्हणण्याची पूर्ण मुभा असावी. रागामागे पुष्कळदा ओशाळलेपण दडलेले असते, हे मुलांना अशा गप्पांतूनच उमगते.

मग पुराकडे वळावे. त्या रात्री टपरीवाल्याने काय पाहिले असेल, आधी काय उचलले असेल, घरी काय सांगितले असेल, हे मुलांनी गटात बोलून लिहावे. प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘मला वाटते’ अशी असावी, कारण हा अंदाज आहे. शक्य झाल्यास घाटावरच्या एखाद्या विक्रेत्याला त्याच्या सवडीने वर्गात बोलवून अंदाज पडताळून पाहावेत. ‘तो रडला असेल’ असे लिहिणाऱ्या मुलाला ‘रडायला वेळच कुठे होता!’ असे उत्तर मिळू शकते. दुसऱ्याचे मन आपण चुकीचेही वाचतो, हे कळण्यासाठी असा एक प्रसंग पुरेसा होतो. मात्र वर्गातल्याच एखाद्या मुलाच्या घरात पाणी शिरले असेल, तर त्याला सर्वांसमोर उभे करून ‘तुला कसे वाटले?’ असे कदापि विचारू नये. त्याचे दुःख हे इतरांचे शैक्षणिक साहित्य नव्हे.

मधल्या सुट्टीतल्या भांडणांतही हीच रीत वापरता येते. ‘सॉरी म्हण’ हा हुकूम टाळावा. दोघे शांत झाल्यावर प्रत्येकाने समोरच्याची बाजू त्याला ‘हो, असेच झाले’ असे म्हणता येईपर्यंत सांगावी. यात वेळ जातो आणि तास बुडतो, पण माझ्या मते तो बुडू द्यावा.

या कशालाही गुण देऊ नयेत, कारण गुण लागले की मुले बाईंना आवडेल असे उत्तर शोधू लागतात.