गोडसर वासाच्या गोल्डनरॉडचं बी रुजत नसेल तर

न्यू जर्सीत सॉलिडॅगो ओडोराचं, म्हणजे गोडसर वासाच्या गोल्डनरॉड या पिवळ्या रानफुलाचं, बी काही केल्या रुजेना. उबेला ठेवलं, मातीखाली दाबलं, पाणी वाढवलं. नुसती बुरशी धरली. जीव मेटाकुटीला आला.

जमलं ते असं. आधी झाडाची खात्री: पान चुरगळलं की बडीशेपेसारखा वास येतो, उजेडासमोर धरलं की बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. कॅनडा गोल्डनरॉडला हा वास नाही, शिवाय ते जमिनीखालून पसरून अख्खा वाफा बळकावतं. मग बी ओलसर वाळूत कालवून, बंद पिशवीत ६० दिवस फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नव्हे. नंतर रेताड मातीवर भुरभुरून तळहाताने हलकेच दाबायचं. वर माती अजिबात नको, या बियांना उजेड लागतो. पाणी फवाऱ्यानेच. रोपं सशक्त झाली की उन्हात, निचऱ्याच्या जागी लावायची. खत नको, नाहीतर झाड लोळतं.