खोडदच्या कंट्रोल रूममधली नोकरी : बेळगाव-खानापूरच्या मुलांसाठी

आधी दाखल्यांचं बोलूया, कारण सीमाभागात सगळं तिथंच अडतं. ८६५ गावांचा दाखला (महाराष्ट्र दावा करतो त्या सीमाभागातल्या गावांचा), डोमिसाइल म्हणजे रहिवासाचा दाखला, यातलं काही इथं लागत नाही. ही नोकरी नारायणगावजवळच्या खोडदला, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ऑपरेटरची. दुर्बीण पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या केंद्राची, आणि एनसीआरए मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेची, म्हणजे केंद्राच्या अणुऊर्जा विभागाखालची. भरती देशभरातून होते. राखीव जागेसाठी जातीचा दाखला मात्र केंद्राच्या नमुन्यातला काढून ठेवा. पदवी फिजिक्स किंवा इलेक्ट्रॉनिक्सची असलेली बरी. बाकी अटी जाहिरातीत नीट वाचा.

आता काम. इथं डोळा लावून बघायचं काही नाही, हे घरच्यांना सांगून सांगून थकायला होतं. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, म्हणजे डिश, आहेत. १४ खोडदजवळ दाटीनं, उरलेल्या १६ इंग्रजी वायच्या आकारात तीन दिशांना पसरलेल्या. टोकाच्या अँटेनांमध्ये सुमारे २५ किलोमीटर अंतर पडतं. सगळ्यांचे सिग्नल ऑप्टिकल फायबरवरून एका इमारतीत येतात आणि कोरिलेटर, म्हणजे दोन-दोन अँटेनांचे सिग्नल एकमेकांशी ताडून बघणारी यंत्रणा, त्यांच्या ४३५ जोड्या लावतो. ऑपरेटर म्हणजे या पसाऱ्याचा राखणदार.

निरीक्षणाच्या सुरुवातीला अँटेना ३सी४८ किंवा ३सी२८६ अशा आकाशातल्या माहितीतल्या रेडिओ स्रोताकडं वळवतात, आणि स्क्रीनवर जोड्यांचे फेज, म्हणजे जोडीतल्या दोन लहरी एकमेकींच्या किती पुढं-मागं आहेत ते, बघतात. चांगल्या जोडीचे ठिपके एका ओळीत चालतात. एका अँटेनाच्या सगळ्याच जोड्या विस्कटल्या तर दोष बहुधा त्याच अँटेनाच्या सिग्नल आणणाऱ्या साखळीत. एकच जोडी बिघडली तर संशय कोरिलेटरवर. एवढं नजरेत बसलं की निम्मं काम आलं. मग संबंधित विभागाला फोन, आणि लॉगमध्ये वेळेसकट नोंद. आळसानं लिहिलेल्या नोंदीबद्दल पुढं डेटा उघडणारा शिव्या घालतो, आणि बरोबरच घालतो.

वारा ताशी ४० किलोमीटरच्या वर गेला की निरीक्षण थांबवून डिश आभाळाकडं तोंड करून उभ्या ठेवायच्या. कुणा मोठ्या शास्त्रज्ञाचा शेवटचा अर्धा तास चालू असला तरी. भिडस्त माणसाचं हे काम नव्हे.

तयारी म्हणून लिनक्सची कमांड लाइन, थोडं पायथन आणि फोरियर ट्रान्सफॉर्म (सिग्नलमधल्या वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सी सुट्या करायचं गणित) एवढं पक्कं करा. पाळ्यांची नोकरी असल्यानं गणपतीला घरी येता येईलच असं नाही, हेही आईला आधीच सांगा. कर्नाटकातच बघायचं असेल तर गौरीबिदनूरला रेडिओ वेधशाळा आहे, पण बेळगावहून पुणं जवळ. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडद साधारणपणे लोकांसाठी खुलं असतं. रात्रीची बस धरून पुणं, तिथून नारायणगाव. ऑपरेटर भेटला तर आधी पाळ्यांचं विचारा, विश्वाचं नंतर.