फोटो आवरण्याआधी नावे लिहून घ्या
गिरगावच्या चाळीतून बोरिवली, मुलुंड असे पांगलेल्या कुटुंबांत जुने फोटो बहुधा एकाच घरी, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत असतात, आणि त्यांतली माणसे ओळखणारी आत्या किंवा थोरली काकू ऐंशी ओलांडून गेलेली असते. म्हणून पेटी आवरण्याआधी फोटो घेऊन त्यांच्याकडे बसावे.

नुसते "हे कोण?" विचारले तर एक नाव मिळते, "ही कोणाची मुंज, आणि मागे उभी असलेली नऊवारीतली बाई कोणत्या घरची?" असे विचारले की नाती उलगडू लागतात. बोलणे मोबाइलवर रेकॉर्ड करावे आणि घरगुती नावाबरोबर पाळण्यातले नाव व माहेरचे आडनावही टिपावे, कारण एका कुटुंबात तीन माई सहज निघतात.

साल आठवत नसेल तर पार्श्वभूमी पाहावी. मुंबईतील ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली, तेव्हा रस्त्यावर धावती ट्राम दिसत असेल तर फोटो त्याआधीचा ठरतो.

नावे फोटोच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावीत. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. गुळगुळीत पाठीच्या रंगीत फोटोवर पेन्सिल उमटत नाही, तेथे कागदी पाकिटावर लिहून मगच फोटो आत ठेवावा. दमट हवेने फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो मात्र ओढून काढू नये. काचेसकटच स्कॅन करून घ्यावा.